परत मिळवू नकोस

२ मार्च

प्रिय दशांश,

पत्राच्या सुरुवातीला प्रकृती विचारायची असते. ती विचारली असं समज. माझी ठीक आहे, तीही तू विचारलीस असं मी समजते. बारा वर्षांची औपचारिकता तीन वाक्यांत उरकली. तुला पाल्हाळ आवडत नाही, हे मी विसरलेले नाही.

आता कामाचं. वीस तारखेला प्रयोगशाळेतली आपली नळी खोलणार आहेत. 'आपली' हा शब्द सवयीने आला, खोडत नाही. तीच ती, हातभर लांब, दोन्ही टोकांना आरसे असलेली, जिला तू 'राणीसाहेब' म्हणायचास, कारण जिन्यात कुणी जोरात शिंकलं तरी तिचा दिवसभर रुसवा. तिच्या जागी नवीन यंत्र येतंय. ते बटण दाबलं की चालतं. त्यात गंमत काय, असं विचारणारं आता इथे कुणी नाही.

दुसरी गोष्ट. एक बाई आहेत, दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या. साध्या रेणूंच्या सगळ्या मोजमापांची मोठी सारणी करताहेत. कुणी, केव्हा, कोणती रेघ मोजली, आकडा किती आला, भरवसा किती ठेवावा. पुढची तीस वर्षं लोक ती उघडून बघतील. आपल्या जुन्या आकड्यासमोर त्यांनी तेव्हाच्या चौकशी समितीचा शेरा तसाच उतरवला आहे : 'अग्राह्य. निरीक्षकाचा हलगर्जीपणा.' आणि निरीक्षक म्हणून तुझं नाव. अठ्ठावीस तारखेला सारणी छापायला जाते. त्याआधी त्यांनी आपल्या वहीची छायाप्रत मागवली आणि मला एकच प्रश्न विचारला : "प्रत्येक नोंदीखाली 'शोधित' असं लिहिलंय. म्हणजे नक्की काय?"

तोच प्रश्न मी तुला विचारते. तू 'शोधित' लिहायचास तेव्हा तुला काय म्हणायचं असायचं? सोबत कार्ड जोडलं आहे, पत्ता घालून. एक ओळ पुरे. आताच्या नोकरीत दुकानांचे तराजू तपासता तपासता एवढी सवड मिळायला हरकत नसावी.

तुझी,
ताई


७ मार्च

प्रिय दशांश,

कार्ड आलं नाही म्हणून काल फोन केला. तुझ्या बायकोने उचलला.

"ताई, ते घरात आहेत. पण नाहीत असं सांगायला सांगितलंय."

"बरं. मग नाहीत असं सांग."

"नाहीत."

इतकी सरळ बाई तुला कशी मिळाली, हे निसर्गनियमांत बसत नाही. मग आम्ही दोघी पाच मिनिटं छान बोललो. तुझ्या गुडघ्याबद्दल कळलं. पलीकडे कुणीतरी खोकलं. त्या खोकल्याला मी तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून ओळखते. शेवटी ती हळूच म्हणाली, "पत्र दोनदा वाचलं हो त्यांनी. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले होते."

म्हणून पुन्हा लिहिते.

वहीतल्या संज्ञा ही माझी हौस, हे तुला आठवत असेलच. बाबांनी लहानपणी आपल्याकडून धातू घोकून घेतले. लोकांच्या मुलांना धातू म्हणजे तांबं-पितळ, आपल्याला भू, कृ, गम्. त्या शिक्षणाचा पुढे काहीच उपयोग झाला नाही, म्हणून मी तो प्रयोगशाळेत केला. वहीच्या पुठ्ठ्याला आतून माझ्या अक्षरातली यादी चिकटवली. त्यात स्पष्ट आहे : 'शोधित – नळी निर्वात करून स्वच्छ केली.' शुध् धातू, प्रयोजक, भूतकालवाचक विशेषण. पण बाबांच्या जाड कोशात त्याच शब्दाला दुसराही अर्थ आहे : दुरुस्त केलेला. मी पहिला धरला. तू कदाचित दुसरा. 'कदाचित' किती जपून ठेवलाय बघ.

सारणीबाईंना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुलाही तेच सांगते, कुठे घसरले ते तपास. हायड्रोजनचा रेणू, त्यात एक अणू साधा, एक जड. इतका साधा रेणू की तो कोणत्या रंगाचा प्रकाश गिळेल, म्हणजे त्याची रेघ कुठे पडेल, हे नुसतं कागदावर मांडून सांगता येतं. मग आपण खराखुरा मोजायचा. जुळलं तर निसर्गाचे नियम जागच्या जागी. नाही जुळलं तर मोठी बातमी, नाहीतर मोठी चूक. सेकंदाला दोनशे सतरा लाख कोटी आंदोलनं, आणि आपलं सगळं रामायण शेवटच्या एकेचाळीस हजारांवरून. नळीत वायूचा थोडा तरी दाब असतो, त्या दाबाने रेघ एकेचाळीस हजारांनी खाली सरकते. म्हणून मोजलेल्या आकड्यात तेवढे मिळवायचे. मी मिळवले. उत्तर कागदापेक्षा अडतीस हजारांनी जास्त आलं. मोठी बातमी म्हणून मी ती सगळ्यांना सांगितली. आठ महिन्यांनी दुसऱ्यांनी मोजलं, ते कागदाशी बरोब्बर जुळलं. मग समिती बसली. पुढचं तुला माहीत आहे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अडतीस आणि एकेचाळीस. जवळजवळ एकच नाहीत का हो?"

मी म्हटलं, "रेघेवर आवाज खूप होता, आकडा तीनेक हजार इकडेतिकडे व्हायचा."

फोनवर आवाज अजिबात नव्हता. त्यांना मी वहीचं पान उलटलेलंसुद्धा ऐकू गेलं असेल.

ताई


१२ मार्च

प्रिय दशांश,

कार्ड नाही. ठीक आहे. कार्ड पाठवायला तू काही न्यायालयाच्या हुकमाने बांधलेला नाहीस.

संचालकांनी आज बोलावलं होतं. या महिनाअखेर ते निवृत्त होताहेत. आता टेबलावरच्या वस्तू एकेक करून घरी नेतात, आज घड्याळाची जागा रिकामी होती. म्हणाले, "एक तारखेपासून या खुर्चीत तुम्ही. मी शब्द टाकलाय. आता त्या सारणीच्या बाईंना उगाच काही लिहू नका. बारा वर्षांपूर्वीचं कशाला उकरता?"

"त्या शब्दाचा अर्थ विचारताहेत, सर."

"तुमच्याच यादीत आहे की अर्थ. समितीनेही तोच धरला होता."

खरं आहे. समितीत तिघं होते. एक इमारतींचा, एक धातूंचा (बाबांच्या नव्हे, तांबं-पितळाच्या) आणि एक झोपाळू. त्यांच्यासमोर तू म्हणालास की आकड्यांत एकेचाळीस हजार तू आधीच मिळवले होतेस आणि मी ते पुन्हा मिळवले. त्यांनी वहीचा पुठ्ठा उघडला, माझी यादी वाचली, आणि शोधित म्हणजे स्वच्छ केलेली नळी असं ठरवून तुझं म्हणणं निकालात काढलं. तू कुठल्याशा चिठ्ठीबद्दलही बोलला होतास, असं मला पुसटसं आठवतं. त्याला फार दिवस झाले.

पण मला एक सुचलंय. नळी अजून आठ दिवस आहे. तीच नळी, तोच वायू, तितकाच दाब, तीच रेघ. मी मोजणार, आणि काहीही न मिळवता आकडा तसाच लिहिणार. तो वहीतल्या तुझ्या आकड्याशी जुळला, तर वहीत कच्चे आकडे आहेत आणि माझं मिळवणं बरोबर होतं. तो एकेचाळीस हजारांनी खाली आला, तर तू आधीच मिळवले होतेस. तुझ्या कार्डाची गरजच नाही. राणीसाहेबच साक्ष देतील.

प्रयोगशाळेच्या नळ्या घडवणाऱ्या आपल्या काचवाल्यांना विचारलं, नळीच्या जोडांच्या काचा पुन्हा बसवून देता का. ते आता जेमतेम आठवड्यातून दोनदा येतात. हातात थोडा कंप आहे, पण ज्योतीसमोर बसले की तो जातो. म्हणाले, "देतो की. तिला जाताजाता काही बोलायचं असेल तर बोलू दे. पण बाई, तुम्हाला ऐकायचंय ना नक्की?"

मी हसले.

ताई


१८ मार्च

प्रिय दशांश,

तीन दिवस झाले. हे पत्र मी मोजणीच्या खोलीतच लिहिते आहे.

पहिल्या दिवशी रेघच दिसली नाही. लेसर आरशांना धरून राहीना, त्याचा प्रकाश त्यांच्यात टिकेना. धरला की दोन मिनिटांत सुटायचा. मी पंखे बंद केले, हवेची यंत्रणा बंद केली, खोलीबाहेर 'पाय न आपटता चालावे' अशी पाटी लावली. ती वाचायला लोक थांबायला लागले, आणि थांबलेले लोक बोलतात. पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी लेसर धरला गेला. पण आकडे पंधरा-वीस हजारांनी वरखाली नाचत होते. एकेचाळीसचा निवाडा करायचा आणि काटा वीसने हलतोय. दुपारी लक्षात आलं की लिफ्ट खाली गेली की आकडा वर जातो. काचवाले तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं धरून स्टूल टाकून बसले. दोन तास. कुणी विचारलं की सांगायचे, "दुरुस्ती चालू आहे." खोटं नव्हतं ते.

आज सकाळी रेघ आली. पडद्यावर एक बारीकशी खळगी, तू म्हणायचास तशी, चादरीवर कुणी बोट टेकवल्यासारखी. दाबमापक बघितला, तू लिहायचास तोच दाब. कंगव्याला जोडलं. (कंगवा हा शब्द सारणीबाईंना समजावताना माझी पंचाईत झाली होती. प्रकाशाचा कंगवा, सारख्या अंतराचे दाते, त्या दात्यांत रेघ कुठे अडकते ते बघायचं. त्या म्हणाल्या, 'तुमच्या यादीत कंकतिका आहे का?' आहे.) मग चाळीस मोजण्या. प्रत्येक आकडा मी पेन्सिलने लिहिला, संगणक लिहीत असतानाही. तुझी वही डावीकडे उघडी ठेवली होती, पण तिच्यावर कोरा कागद पालथा घातला होता. आधी तुझा आकडा बघितला असता तर माझा हात त्याच्याकडे वळला असता. कुणाच्या बाजूने वळला असता, ते मला माहीत आहे.

चाळिसावी मोजणी संपली. सरासरी काढली. कागद उचलला.

माझा आकडा तुझ्यापेक्षा खाली आहे. एकेचाळीस हजारांच्या आसपास.

काचवाले दारात आले. "जुळलं?"

"जुळलं. त्याच्या म्हणण्याशी."

"मग तोंड असं का?"

ताई


२३ मार्च

प्रिय दशांश,

ठरल्याप्रमाणे वीसला नळी खोलली. तिचं वर्णन करत नाही. आरसे मी मऊ कागदात गुंडाळून ठेवले आहेत.

संचालकांना निकाल दाखवला. ते बराच वेळ कागद बघत होते. मग खूश झाले. मला वाटलं होतं चिडतील.

"उत्तम. म्हणजे दुरुस्ती दोनदा मिळवली गेली. हलगर्जीपणा हा शब्द काढून टाकू. बिचाऱ्याला तेवढं बरं वाटेल." आणि तिथेच मला नवीन शेरा सांगितला, मी लिहून घेतला :

'निरीक्षकाने दाबाची दुरुस्ती आधीच मिळवली होती. तसे कळवले गेले नाही. दुरुस्ती दोनदा लागली.'

"यात खोटं काहीच नाही," ते म्हणाले. "आणि तुमच्या एक तारखेला धक्का नाही."

घरी येऊन हा शेरा मी बाबांच्या पोरीसारखा वाचला. 'कळवले गेले नाही.' 'लागली.' दुरुस्ती म्हणे आपल्या पायांनी चालत आली आणि लागली, ठेच लागावी तशी. प्रयोगशाळेतला प्रयोग मी नीट केला. आता व्याकरणातला चालला आहे. तुला बाबांचं ते आठवतं? मराठीत भूतकाळात कर्तरि प्रयोग करायला गेलं की भाषाच हात धरते. 'मी चूक केली' यातसुद्धा क्रियापद चुकीच्या मागे जातं, माझ्या नाही. बाबा म्हणायचे, "भाषेने अपराध्यासाठी मागचं दार ठेवलंय, पण कर्ता लिहायची सोय काढून घेतलेली नाही." आणि कर्तरि हवाच असेल तर विसरणे हा धातू आहे. 'मी विसरले.' शुद्ध कर्तरि.

फक्त ते खरं नाही.

संचालकांचा कागद टेबलावर आहे. खाली माझी सही हवी. अठ्ठावीसला पाच दिवस आहेत. तुला हा शेरा चालेल का, असं विचारायला मी हे पत्र घेतलं होतं. आता लिहिताना समजतंय की मी परवानगी मागते आहे. तू गप्प आहेस, तर ते गप्प राहणं 'हो' म्हणून खपवता येतं का, तेही बघते आहे. माझं नेहमीचंच.

तुझ्या बायकोचा काल फोन आला होता. तिने स्वतःहून केला. "ताई, तुमची पत्रं ते कपाटात ठेवतात. तारखेने लावून. पण मला म्हणाले, तिने अजून मुद्द्याचं लिहिलेलं नाही."

ताई


२७ मार्च

प्रिय दशांश,

मुद्द्याचं.

समितीसमोर तू चिठ्ठीबद्दल बोललास, ते मला पुसटसं आठवत नाही. लख्ख आठवतं. खोलीत चार खुर्च्या होत्या, तुला बसायला सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, "वहीत चिठ्ठी ठेवली होती. ताईला माहीत आहे." तिघेही माझ्याकडे वळले, झोपाळूसुद्धा. तू वळला नाहीस. तुला खात्री होती म्हणून तू वळला नाहीस. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

चिठ्ठी मला आदल्या दिवशी सापडली होती. वहीच्या शेवटच्या दोन पानांना चहाचा डाग पडून ती चिकटली होती, त्यात अडकून बसलेली. डाग माझ्याच कपाचा. म्हणजे आकडे मिळवले त्या दिवशी ती मी खरंच पाहिली नव्हती. इतकंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे, आणि ते मी बारा वर्षं स्वतःला सांगत आले. ती चूक होती. चूक कुणाचीही होते. शब्दाला दोन अर्थ असतात, पानं चिकटतात. पण दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याला एकच अर्थ आहे. मोठी बातमी माझ्या नावाने बाहेर गेली होती, आणि ती खोटी ठरली तर ती कुणाच्या तरी हलगर्जीपणाने ठरायला हवी होती. माझ्या नको होती.

त्या संध्याकाळी तू तुझं टेबल रिकामं केलंस. माझ्या खोलीच्या दाराशी थांबलास. मला वाटलं शिव्या देशील. तू म्हणालास, "येतो." आणि आला नाहीस.

मग हे नळीचं, मोजणीचं, काचवाल्यांना लिफ्टपाशी बसवण्याचं नाटक कशाला? मीही स्वतःला विचारलं. मला निकाल आधीच माहीत होता. तरी तीन दिवस मी त्या खळगीकडे बघत होते, तेव्हा मनात एकच होतं : हिने माझ्या बाजूने खोटं बोलावं. आकडा तुझ्या आकड्यावर बसावा आणि चिठ्ठीच खोटी ठरावी. चाळीस वेळा संधी दिली तिला. ती आपल्या दोघांपेक्षा सरळ निघाली. म्हणजे माझ्यापेक्षा. तुला यात ओढायचं कारण नाही.

आज सकाळी सारणीबाईंना शेरा पाठवला. नक्कल सोबत आहे. वाचायला सोपं पडावं म्हणून इथेही लिहिते :

'आकडा दुरुस्त करून ग्राह्य धरावा. निरीक्षकाचे मोजमाप अचूक. त्याने दाबाची दुरुस्ती मिळवून तसे लेखी कळवले होते. मी ती पुन्हा मिळवली. त्याची चिठ्ठी मला चौकशीच्या आदल्या दिवशी मिळाली. मी ती दडवली आणि समितीला खोटे सांगितले.'

खाली माझी सही, पूर्ण नाव, हुद्दा. प्रत संचालकांना.

बाईंचा दुपारी फोन आला. "वाचलं मी. सारणीत शेऱ्याला दोनच ओळींची जागा असते हो."

"मग पहिल्या दोन छापा. बाकीचं समितीच्या कागदांत लावा."

"पहिल्या दोनांत त्याचं काम येतं, तुमचं नाही येत."

"येऊ दे की त्याचं."

त्यांनी पुन्हा ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, "बाई, मी अक्षर बारीक करते."

संचालकांनी बोलावलं नाही, स्वतः आले. दारातच उभं राहून म्हणाले, "तुम्ही मला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं." खुर्ची आता इमारतींच्या माणसाला जाईल असं ऐकते. निदान भिंती सरळ राहतील. मला सोमवारी चौकशीला बोलावलंय. या वेळी मला बसायला सांगतात का बघू.

वहीच्या पुठ्ठ्यावरच्या यादीत एक दुरुस्ती केली आहे. 'शोधित' खोडला. शेजारी लिहिलं : 'हा शब्द बंद. जे केले ते साध्या मराठीत लिहावे.' बाबा रागावले असते. मग कोश उघडून त्यांनी ते तपासलंही असतं.

त्या कोशातच, शुध् धातूच्या पानात, चिठ्ठी बारा वर्षं होती. ती या पाकिटात घातली आहे. मूळ आहे. छायाप्रत काढलेली नाही. कडेला चहाचा डाग आहे, सांभाळून उलगड. ती तुझी होती, तुझ्याकडे असावी. तिचं पुढे काय करायचं ते तू ठरव. कुणाला दाखवायची असेल तर सोमवारच्या आत दाखव.

पहिल्या पत्रातला प्रश्न रद्द समज. त्याचं उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं. कार्ड मात्र तसंच आहे, पत्ता घातलेला.

आणि हो, 'एकेचाळीसच्या आसपास' वाचून तू दात खाल्ले असशील. चाळीस हजार सातशे. हजारांत म्हणशील तर चाळीस पूर्णांक सात दशांश. इकडे तिकडे दीड.

चिठ्ठीवर तुझं अक्षर अजून चांगलं वाचता येतं. 'ताई, दाबाचे एकेचाळीस मिळवले आहेत. परत मिळवू नकोस.' आकड्यांपुरतं तुझं म्हणणं मी आज लेखी मान्य केलं. बाकी मात्र, दशांश, परत मिळवायचा मी प्रयत्न करणार. नकोस म्हणायचं असलं तर कार्डावर जागा आहे.

तुझी,
ताई